हृदयाची वही लिहिणारं गाव

बॉस्टनच्या साउथ स्टेशनवरून वुस्टरकडे जाणारी लोकल पकडली की साधारण पाऊण तासात फ्रेमिंगहॅम येतं. अमेरिका बघायला गेलेली आपली माणसं नायगारा बघतात, न्यूयॉर्क-वॉशिंग्टन करतात, बॉस्टनला गेलीच तर हार्वर्डच्या आवारातल्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो काढतात. फ्रेमिंगहॅमला मुद्दाम कोणी जात नाही. मीही गेले ती भाचा तिथे राहतो म्हणून. २०१८ चा ऑक्टोबर होता, झाडांची पानं लाल-पिवळी होण्याचे दिवस, आणि मुक्काम चांगला महिनाभराचा होता.

गाव तसं साधंच. स्टेशनाबाहेर पडलं की पहिली भेट होते ती रेल्वे फाटकाशी. भर बाजारातून रूळ जातात. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागतात आणि आपल्या गुजरातमधल्या एखाद्या तालुक्याच्या गावात उभं असल्यासारखं वाटतं. बाजारात ब्राझीलहून आलेल्या लोकांची दुकानं इतकी, की पाट्याच पोर्तुगीजमध्ये. त्यांच्या बेकरीत चीज घातलेले छोटे गोल पाव मिळतात. आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आलेला, त्यामुळे काउंटरवर 'पाव' म्हटलं आणि बाईंना ते लगेच कळलं, याची मला फार गंमत वाटली. १७०० सालापासून 'टाउन' असलेलं हे गाव मी गेले त्याच वर्षी, १ जानेवारीला, कागदोपत्री 'सिटी' झालं होतं.

एवढ्याशा गावावर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण जगातल्या कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञासमोर या गावाचं नाव काढा, तो लगेच ओळखेल. तुमचे डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघतात, कोलेस्टेरॉल तपासायला सांगतात, "सिगारेट ओढता का? वडिलांना काही त्रास होता का?" असं विचारतात. हे प्रश्न विचारायची रीत पडली, त्यात या गावातल्या माणसांचा फार मोठा वाटा आहे. मी तीस वर्षं बडोद्यात शाळेत जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे किती वेळा काढले असतील याची गणती नाही. 'फ्रेमिंगहॅम अभ्यास' हे शब्द मी वाचलेले होते. पण ते खरोखरचं गाव आहे आणि आपला भाचा तिथे राहतो, हे दोन धागे जुळले ते व्हिसाचा फॉर्म भरताना पत्ता लिहिला तेव्हा.

या गोष्टीची सुरुवात एका राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूपाशी नेऊन सांगतात. फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. त्यांच्या खासगी डॉक्टरांनी वृत्तपत्रांना सांगितलं की हे सगळं अगदी अनपेक्षित होतं. प्रत्यक्षात वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये, डॉ. हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं होतं, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकत चालल्याच्या खुणा दिसत होत्या. शेवटच्या दिवशी तो ३०० च्या वर गेला होता. आकडा कागदावर होता, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे त्या काळच्या वैद्यकालाच पुरतं ठाऊक नव्हतं. वय वाढलं की धमन्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब वाढायलाच हवा, अशी समजूत होती. 'शंभर अधिक वय' इतका वरचा दाब चालायचाच, हा हिशेब आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीही तुम्ही ऐकला असेल.

हे वाचताना मला माझ्या ताईच्या कपाटातला एक कागद आठवत होता. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, १९९८ साली गेले. वय एकोणपन्नास. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात रोज सकाळी जाणारे, पिळदार अंगाचे. जेवणानंतर एक सिगारेट, दिवसाला मोजून चार. आदल्या रात्री जबडा आणि डावा खांदा दुखत होता. ते म्हणाले, गॅस आहे. ओवा खाल्ला, सोडा प्याले, झोपले. पहाटे सगळं संपलं होतं. घरात, वाड्यात, स्मशानात सगळे एकच म्हणत होते, "चालताबोलता माणूस गेला हो, कशाची कल्पना नव्हती." पुढे पॉलिसीची कागदपत्रं शोधताना ताईला विम्यासाठी सहा वर्षांपूर्वी केलेल्या तपासणीचा कागद सापडला. रक्तदाब १५०/१००. फाईलला नीट भोक पाडून लावलेला. तो कोणी दुसऱ्यांदा वाचलेला नव्हता.

त्यांचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. आता तो छत्तीसचा, आणि फ्रेमिंगहॅममध्ये माझ्या शेजारी बसून कॉफी पीत होता.

१९४० च्या दशकात अमेरिकेत सर्वांत जास्त माणसं हृदयविकाराने जात होती. उपाय म्हणून फारसं काही हातात नव्हतं. १६ जून १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी फ्रेमिंगहॅमचा अभ्यास सुरू झाला. त्यातली कल्पना आज साधी वाटते, पण तेव्हा ती नवी होती. आजारी माणसं तपासून आजार का झाला हे पुरतं कळत नाही, कारण तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून निरोगी माणसं घ्यायची, त्यांची बारकाईने नोंद ठेवायची आणि वाट बघायची. वर्षं जातील तसा काहींना आजार होईल, काहींना होणार नाही. मग मागे जाऊन बघायचं, आजार झालेल्यांच्या वहीत आधीपासून काय वेगळं लिहिलेलं होतं.

हेच गाव का? एक तर हार्वर्ड जवळ, तिथल्या प्राध्यापकांचा सल्ला हाताशी. लोकवस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास, कारखान्यांत काम करणारी, मध्यम परिस्थितीची आणि सहसा गाव सोडून न जाणारी. शिवाय गावाला सवय होती. १९१७ ते १९२३ या काळात क्षयरोग लवकर ओळखून आटोक्यात आणण्याचा एक मोठा प्रयोग याच गावात झाला होता. डॉक्टर घरी येऊन प्रश्न विचारतात, तपासणीला बोलावतात, यात गावकऱ्यांना परकं काही नव्हतं.

तरी बोलावलेल्यांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपासच लोक आले. उरलेली संख्या स्वतःहून पुढे आलेल्या माणसांनी भरून काढली. एकूण ५,२०९ स्त्री-पुरुष, बहुतेक तीस ते साठ या वयातले. यात निम्म्याहून जास्त बायका होत्या, हे मला विशेष वाटलं. हृदयविकार हा कर्त्या पुरुषांचा आजार असं मानण्याच्या काळात बायकांच्याही छातीला कोणीतरी नळी लावून ऐकत होतं.

या लोकांनी करायचं काय, तर दर दोन वर्षांनी यायचं. वजन, उंची, रक्तदाब, ईसीजी, रक्त, लघवी, खाणं-पिणं, सिगारेट, घरात कोणाला काय झालं, सगळं सांगायचं. उपचार मिळायचे नाहीत. काही आढळलं तर ते त्या माणसाच्या नेहमीच्या डॉक्टरला कळवलं जायचं, एवढंच. पैसे नाहीत, औषध नाही, बक्षीस नाही. तरी माणसं येत राहिली. पहिली बरीच वर्षं हे काम डॉ. थॉमस डॉबर यांनी सांभाळलं, पुढे डॉ. विल्यम कॅनेल यांनी.

आणि वही बोलायला लागली. १९५७ साली पहिले ठळक निष्कर्ष आले. ज्यांचा रक्तदाब जास्त होता त्यांनाच पुढे हृदयविकार जास्त झाला. १९६१ च्या लेखात तर एक नवा शब्दप्रयोगच रूढ झाला, 'रिस्क फॅक्टर', धोक्याचा घटक. एकच एक कारण शोधत बसायचं नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट असे घटक असतात आणि एकाच माणसात ते जितके जास्त जमतील तितका धोका चढत जातो. त्यात पुढे मधुमेह आला, वाढतं वजन आणि बैठेपणा आला. वाढलेला रक्तदाब पक्षाघाताकडे नेतो हे दिसलं. कोलेस्टेरॉलमधला एक प्रकार, एचडीएल, उलट राखण करतो हे कळलं. वयाबरोबर दाब वाढायचाच, ही समजूत मागे पडली.

एक निष्कर्ष वाचताना मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. फ्रेमिंगहॅममध्ये ठरलेल्या वेळी सगळ्यांचा ईसीजी काढत, त्यामुळे मधल्या काळात कोणाला झटका येऊन गेला असेल तर तो आलेखावर उमटायचा. तेव्हा असं दिसलं की झटक्यांपैकी एक चतुर्थांशाहून थोडे जास्त झटके त्या माणसाच्या किंवा डॉक्टरांच्या लक्षातच आलेले नव्हते. काहींना काहीच जाणवलं नव्हतं. काहींना जाणवलं होतं, पण त्यांनी ते दुसऱ्याच कशावर तरी ढकललं होतं. आपल्या घरांत त्या 'दुसऱ्या कशाचं' नाव ठरलेलं आहे. गॅस.

फार्म पॉन्ड नावाचं एक तळं गावात आहे. सूरसागरासारखे बांधीव काठ नाहीत, मध्ये महादेव नाही, पण संध्याकाळी काठाने फिरायला छान. त्याच्याच जवळ माउंट वेट अव्हेन्यूवर या अभ्यासाचं केंद्र होतं. मी एका दुपारी चालत गेले. काहीतरी भव्य दिसेल, निदान एखादा पुतळा असेल, असं मनात होतं. दिसली ती कचेरीसारखी साधी इमारत आणि समोर गाड्या लावायची जागा. आत जाण्याचं मला कारण नव्हतं, ती जागा तपासणीला येणाऱ्यांची. मी समोरच्या बाजूला उभी राहिले. एक वयस्कर जोडपं गाडीतून उतरलं, त्यातल्या बाईंनी ओढणीसारखा गळपट्टा नीट केला आणि दोघं हळूहळू आत गेली. सत्तर वर्षं हेच चाललेलं. या दारातून, त्याआधी दुसऱ्या दारांतून.

भाच्याच्या शेजारी सत्तरीच्या एक आजी राहत. पान गोळा करायचा मोठा पंजा घेऊन अंगणात असायच्या. मी विचारल्यावर त्या हसल्या. त्यांची आई पहिल्या ५,२०९ जणांतली. तपासणीच्या दिवशी आई चर्चला जायचा पोशाख घालायची, हे त्यांना लहानपणापासून आठवत होतं. १९७१ साली दुसरी पिढी घेतली, मूळ लोकांची मुलं आणि त्या मुलांचे जोडीदार, एकूण ५,१२४. त्यात या स्वतः. २००२ पासून तिसरी पिढी, ४,०९५ जण. त्यात त्यांचा मुलगा. "कंटाळा नाही आला?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, आईने सुरू केलेलं काम अर्धवट कसं सोडायचं? त्यांच्या बोलण्यात मोठेपणाचा आव नव्हता. आपल्याकडे एखादी बाई सासूबाईंनी धरलेलं व्रत पुढे चालवते, तितक्या सहज त्या बोलत होत्या.

हे सगळं मधेच बंदही पडणार होतं. वीस वर्षं झाल्यावर, १९६९ च्या सुमारास, आता मिळायची ती माहिती मिळाली असं म्हणून सरकारी पैसा थांबवायचं ठरलं. डॉ. डॉबर यांनी खासगी देणग्या जमवल्या. पुढे बॉस्टन विद्यापीठाच्या साथीने सरकारी मदत पुन्हा सुरू झाली आणि मुलांची पिढी त्यात आली. ती आली नसती तर एक गोष्ट इतकी पक्की कळली नसती. आईवडिलांना काय झालं होतं हे इथे मुलांच्या सांगण्यावर अवलंबून नव्हतं. ते आईवडिलांच्या स्वतःच्या वहीत लिहिलेलं होतं. २००४ साली त्यावरून निष्कर्ष निघाला. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकार किंवा पक्षाघात झाला असेल, तर बाकी सगळे घटक हिशेबात धरूनही मुलग्यांचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुलींचाही वाढतो.

मी हे रात्री जेवताना भाच्याला सांगितलं. तो भाजीतली मिरची बाजूला काढत म्हणाला, "मावशी, मी बारीक आहे. बीएमआय बावीस. मला काय होणार?"

त्या आकड्यावरून मला पुण्याची आठवण झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक फोटो छापला. फोटोत ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास चालवला, तेव्हा ही ठेवण जन्मापासूनच दिसली. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, हातपाय काटकुळे, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. म्हणून आपल्या लोकांसाठी वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. पोटाचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं.

फ्रेमिंगहॅमचं हे मोठं उणेपण आहे आणि तिथल्या शास्त्रज्ञांनाही ते ठाऊक होतं. मूळची ५,२०९ माणसं जवळजवळ सगळी गोरी, युरोपीय वंशाची. १९९४ पासून इतर वंशांच्या गावकऱ्यांचाही एक गट त्यांनी घेतला, पण तो लहान होता. तिथल्या आकड्यांवरून धोका मोजायचं जे कोष्टक तयार झालं, ते आपल्याला जसंच्या तसं लागू पडेल असं धरून चालता येत नाही. आपल्याबद्दल कळलं ते दुसरीकडून. बावन्न देशांत झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दक्षिण आशियाच्या माहितीवर नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लिहिलं. पहिला झटका येण्याचं मधलं वय आपल्या भागात ५३, इतर देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. त्याचं कारणही त्यांनी शोधलं. आपल्याला काही वेगळाच गूढ रोग नाही. तेच ओळखीचे घटक आपल्याकडे कमी वयात येऊन बसतात. घटक ओळखीचे आहेत, म्हणजे हात घालता येण्यासारखे आहेत. २०१० पासून अमेरिकेतही शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. त्याच्या नावाची आद्याक्षरं जुळवून होतं 'मसाला'.

त्या वर्षी नवरात्र माझ्या मुक्कामातच आलं. शेजारच्या ॲशलंड गावात श्रीलक्ष्मीचं मोठं मंदिर आहे, दाक्षिणात्य धाटणीचं. फ्रेमिंगहॅम स्टेशनासमोरचा वेव्हर्ली स्ट्रीट धरून गाडीने गेलं की थोड्याच वेळात ते लागतं. बॉस्टन मॅरेथॉनही याच रस्त्याने येते, हॉपकिंटनहून ॲशलंड, मग फ्रेमिंगहॅम. बडोद्याच्या गरब्यात वाढलेल्या मला तिथे ढोलाची आठवण येत होती. दर्शन झाल्यावर भाच्याचे मित्र भेटले, तेलुगू, तमीळ, गुजराती, दोघे आपले पुण्याचे. सगळे तीस-चाळिशीतले, सगळे दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे. गप्पा घराच्या हप्त्यांच्या, ग्रीन कार्डाच्या. मी शिक्षिकेच्या सवयीने विचारलं, "किती जणांच्या वडिलांना साठीच्या आत हृदयाचा त्रास झाला?" सात जणांत चार हात वर गेले. मग विचारलं, "आपला रक्तदाब किती, हे किती जणांना माहीत आहे?" एक हात वर आला.

परतताना भाचा गप्प होता. औषधांच्या दुकानात त्याने गाडी थांबवली. तिकडे अशा दुकानांतून रक्तदाब मोजायचं यंत्र ठेवलेलं असतं, पैसे न घेता. तो खुर्चीत बसला, हात आत घातला. मी मुद्दाम शाम्पूच्या बाटल्या बघत उभी राहिले. पाच मिनिटं थांबून त्याने पुन्हा मोजला. मग माझ्याजवळ येऊन त्याने हळूच सांगितलं, "मावशी, १४८/९६." आणि थोड्या वेळाने, "बाबांचा किती होता गं, त्या कागदावर?"

पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांकडे गेला. एका मोजणीवर निर्णय घेत नाहीत, म्हणून त्यांनी घरी यंत्र आणून रोज सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. कोलेस्टेरॉलही जास्त निघालं. वडिलांचं वय ऐकल्यावर डॉक्टरांनी लिहायचं थांबून वर बघितलं, असं तो म्हणाला. आज तो एक्केचाळिशी ओलांडून गेला आहे. एक गोळी घेतो, लोणचं-पापड मोजून खातो, तळ्याला रोज दोन फेऱ्या मारतो. दाब १२५ च्या आसपास असतो. ताई रोज फोनवर आधी तो आकडा विचारते, मग जेवलास का ते.

तरुण वाचकांनो, आपल्या मंडळाच्या या मासिकात मी पाककृती आणि सहलींवर बरंच लिहिलं. या वेळी एक काम सांगते आहे, ते फ्रेमिंगहॅमला न जाता करता येतं. घरात एक वही घाला, खरीखुरी, किंवा फोनमध्ये. पहिल्या पानावर आजी-आजोबा, आई-बाबा, काका, मामा, आत्या, मावशी यांची नावं लिहा. प्रत्येकासमोर हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काय आणि कितव्या वर्षी झालं ते लिहा. 'वयोमानाने गेले' असं उत्तर आलं तर वय विचारा. आपल्याकडे पन्नाशीतल्या माणसालाही वयोमान लावतात. पुढच्या पानांवर स्वतःचे आकडे, तारखेसकट: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, सिगारेट-तंबाखू असेल तर तीही. घरात कोणाला लवकर त्रास झाला असेल तर हे पान विशीतच उघडा आणि डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या. छाती, जबडा, खांदा, हात यांत दाबल्यासारखं दुखू लागलं, घाम फुटला, दम लागला, तर ओवा शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढून घ्या. गॅस निघाला तर उत्तमच.

आकडा लिहून ठेवला आणि वाचला नाही, तर तो ताईच्या कपाटातल्या कागदासारखा फाईलमध्ये पडून राहतो. म्हणून वर्षातून एक दिवस वही काढून सगळ्यांनी मिळून वाचायची. आमच्या घरात त्यासाठी भाऊबीज ठरली आहे. ओवाळून झालं की बहीण भावाच्या दंडाला पट्टा गुंडाळते, मग भाऊ बहिणीच्या. फराळाचं ताट त्यानंतर. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या जावेचा दाब १६० निघाला, एरवी तिला कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. तेव्हापासून कोणी हसत नाही, आणि ती मात्र छान आहे. या दिवाळीत तिची चकली कुरकुरीत झाली होती, मीठ जरा बेताचं घालूनही.